फेसाची बाटली

औषधांच्या डब्यांवर तारीख छापणाऱ्या मशीनवर वहिनीचा हात चांगला बसलेला. नणंदेला तिथे नोकरीला चिकटवलं तेही तिनेच. शाईची बाटली जोरात हलवायची नाही, हलकेच उलटसुलट करायची आणि ओतण्याआधी अर्धा तास ठेवायची, हा तिथला नियम. सोमवारी वहिनीला घरी पळायची घाई होती. तिने बाटली खदाखदा हलवली, फेसासकट टाकीत रिकामी केली, मशीन नणंदेच्या गळ्यात टाकलं आणि चालती झाली.

मग डब्यांवर पांढऱ्या रेघा यायला लागल्या. फेसातला बुडबुडा हेडच्या, म्हणजे शाई उडवणाऱ्या तोंडाच्या, बारीक छिद्रामागे अडकला, की आतून दाब आला तरी बुडबुडाच दबतो. शाईचा थेंब काही बाहेर पडत नाही. बिचारी नणंद हेड पुसत राहिली. मंगळवारी सकाळी मालकांनी अर्धवट तारखांचे डबे तिच्यापुढे आपटले.

"पुसून पुसून हेडची वाट लावलीस! उद्यापासून येऊ नकोस."

वहिनी शेजारीच मूग गिळून उभी. तिला स्वतःची लाज वाटली, पण नुसत्या लाजेने नणंदेची नोकरी थोडीच वाचणार होती!

मशीन दिवसभर बंद राहिलं. बुधवारी सुरू केलं तर छपाई लख्ख. अडकलेली हवा आपोआप शाईत विरून गेली होती.

"बघा, तिचा हात निघाला आणि मशीन सुधारलं!" मालक म्हणाले.

हे वहिनीच्या जिव्हारी लागलं. "चूक माझी आहे, मालक. बाटली मी हलवली होती."

मालक हसले. "नणंदेसाठी किती खोटं बोलाल? बरं, तुमच्याकडे बघून तिला पॅकिंगला घेतो. मशीनला मात्र हात लावायचा नाही."

संध्याकाळी नणंदेने दारातच तिला मिठी मारली. "मालकांचा फोन आला होता. माझ्यासाठी आळ स्वतःवर घेतलास, वहिनी? सख्खी बहीणसुद्धा एवढं करणार नाही गं!"

आताही गप्प बसणं सोपं होतं. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोटं नव्हतं ते. बाटली मीच हलवली होती."

नणंदेने मिठी सोडली. रडून रडून तिचे डोळे अजून सुजलेले होते.

"मग काल का नाही बोललीस?"

आपलीच नोकरी जाईल म्हणून वहिनी घाबरली होती, बाकी काही नाही. पण तेवढंही तिला सांगवेना.