बियाण्याचं रिकामं मडकं

मी एक जुनं मडकं आहे, मित्रांनो. पाण्याचं नव्हे हं, बियाण्याचं! आसगावात सत्यभामाबाईच्या घरी चुलीमागच्या फळीवर माझं आयुष्य गेलं.

दरवर्षी कापणीआधी सत्यभामाबाई बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, शिरे, भरदार ओंब्या हाताने निवडे आणि त्यांचे दाणे राख व कडुनिंबाच्या पाल्यासोबत माझ्या पोटात ठेवी. तो उंच देशी गहू धान, म्हणजे भात, कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाढायचा. पीक बेताचंच, पण हमखास यायचं. पाहुणे पोळी खाऊन विचारत, "बियाणं कोणाचं जी?" तेव्हा मी मनातल्या मनात फुगत असे.

एका साली पाऊस लवकर गेला. तलावातून गव्हाला पाण्याची एकच पाळी मिळणार होती.

"अजी, ओंब्या निघतपर्यंत पाणी राखा," सत्यभामाबाई नवऱ्याला म्हणाली. "दाणा भरते तवाच त्याले खरी तहान लागते."

"धानात जिंदगी गेली माही, अन् तू मले शिकवून राहिली?" तुलाराम हसला. धानाचीच सवय ती! कोवळ्या गव्हाची बांधी त्याने तुडुंब भरून टाकली. एकुलती पाळी तिथेच संपली आणि मुळं वरच्यावरच राहिली.

माघात ऊन तापलं. ओंब्या आल्या, तशा जमिनीला भेगा पडल्या. दाणे सुरकुतले. पाच पोत्यांच्या जागी जेमतेम एक पोतं घरी आलं. तरी सत्यभामाबाईने त्यातूनच बऱ्या ओंब्या वेचून मला अर्धं भरलं.

"बियाणंच भिकार आहे!" म्हणत तुलाराम चिडला. ती माहेरी कोंढ्याला गेलेली पाहून त्याने मला उपडं केलं आणि दाणे चक्कीवर नेले. मला ओरडता येत नाही, याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

पुढच्या साली त्याने पाकिटातलं बियाणं पेरलं. तलावाने एकही पाळी दिली नाही. ओंब्या निघायच्या आधीच पीक वाळलं.

मग चार दाणे तरी उरले असतील म्हणून तुलारामने माझ्यात हात घातला. हाताला राख लागली. आसगाव पालथं घातलं, कोंढ्यापर्यंत विचारलं, पण ते बियाणं कोणाकडेच उरलं नव्हतं.

"दाण्यात खोट नव्हती वो," तो खाली बसत म्हणाला. "पाणी मीच चुकीच्या वेळी देल्लं. कवा द्यावं ते आता समजलं. पण द्यावं कोणाले?"

सत्यभामाबाईने मला उचललं आणि पदराने आतली राख पुसली.

मित्रांनो, पीक हुकलं तर बियाण्याला शिव्या देण्याआधी आपण पाणी केव्हा दिलं ते आठवा. आणि काही झालं तरी मूठभर दाणे माझ्यासारख्याच्या पोटात राहू द्या. सत्यभामाबाई मला अजूनही पुसून ठेवते. झाकण मात्र लावत नाही; कुठून तरी त्या गव्हाचे मूठभर दाणे येतील, अशी वाट पाहते.