दिनानाथ चुरींचा आवाज बसला

वटारच्या दिनानाथ चुरींना देवाने जमीन बेताची दिली होती, पण गळा मात्र सढळ हाताने दिला होता. गावच्या नाटकात ते राजा झाले की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही कानामागे हात धरावा लागत नसे. वाडीत केळीला पाणी लावताना त्यांनी बांधावरून कुणाला हाक मारली, तर ज्याला मारली तो तर येईच, शिवाय त्याच नावाचा पलीकडच्या आळीतलाही कुणीतरी येऊन उभा राही.

राजकारणात ते आले ते या गळ्यामुळेच. एकोणनव्वद साली वटारची संध्याकाळची एसटी बंद झाली, म्हणून देवळासमोर सभा भरली होती. पाहुणे पुढारी बोलायला उठले आणि नेमकी वीज गेली. माइक मुका झाला. पुढाऱ्यांनी दोनचार वाक्यं रेटून पाहिली आणि ते खाली बसले. मग पायाला वाडीतला चिखल लागलेले दिनानाथ उठले आणि अंधारातच अर्धा तास बोलले. आठवड्याभरात एसटी सुरू झाली. ती भाषणामुळे झाली की डेपोत नव्या गाड्या आल्या म्हणून, याची चौकशी कुणी केली नाही. पुढच्या वर्षी लोकांनी त्यांना त्या पुढाऱ्यांच्याच पक्षाकडून विधानसभेला उभं केलं आणि निवडून आणलं.

पंचाण्णवला पक्षाने तिकीट कापलं तेव्हा दिनानाथांनी स्वतःचाच पक्ष काढला आणि ते पुन्हा निवडून आले. नाव ठेवलं ‘गाव-शहर आघाडी’. पक्षाचा अध्यक्ष तेच, मुख्य वक्ता तेच, आणि सभेत खुर्च्या कमी पडल्या तर ओरडून मागवणारेही तेच. आघाडीची नगरपालिका आली, नगरसेवक आले, नव्याण्णवला दिनानाथ तिसऱ्यांदा आमदार झाले. विधानसभेत ते बोलायला उभे राहिले की बाकांवरून कुणीतरी हमखास म्हणे, “यांचा माइक बंद केलात तरी चालेल!” त्यांनी शाळांवर कौलं घातली, खाडीवर पूल आणला, दवाखान्यात बाळंतपणाची सोय केली. माणूस कामाचा होता.

एकच दुखणं होतं, ते पाण्याचं. पूर्वेला चंदनसारकडे इमारतींमागून इमारती उठत होत्या आणि त्यांच्या नळांना पाणी नव्हतं. मग पश्चिमेच्या गावांतल्या विहिरी आणि बावखलं, म्हणजे वाड्यांतली तळी, उपसून टँकर पूर्वेला जात. वटार-नंदाखालच्या वाड्यांत पानवेली सुकू लागल्या होत्या. दिनानाथ संध्याकाळी सहाला नंदाखालला सांगत, “टँकर बंद करतो!” आणि आठला चंदनसारला सांगत, “पाणी कमी पडू देणार नाही!” दोन्ही ठिकाणी टाळ्या पडत. दोन्ही वाक्यं बोलताना ती त्यांना मनापासून खरी वाटत, ही त्यांची खुबी होती.

दोन हजार चारची निवडणूक आली. प्रचाराला रंग चढला होता आणि चंदनसारच्या सभेत दिनानाथ बोलायला उभे राहिले. “बंधूंनो” म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आली ती गंजलेल्या बिजागरीची करकर. पाणी प्यायले, खाकरले, पुन्हा तोंड उघडलं. या वेळी करकरही आली नाही.

घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि मान हलवली. “स्वरयंत्राला सूज आहे. मतदान होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने आणखी ताण पडतो.”

दिनानाथांनी ‘पण’ म्हणायला ओठ उघडले.

“हेसुद्धा नाही,” डॉक्टर म्हणाले. “पुढे कायम घोगरं बोलायचं असेल तर आज बोला.”

घरी ओटीवर आघाडीचा सरचिटणीस सिद्धेश डोकं धरून बसला होता. प्रचाराची सगळी आखणी त्याचीच. एकदम त्याचा चेहरा उजळला. “वहिनी, मागच्या निवडणुकीतल्या भाषणाच्या कॅसेटी आहेत ना? गाडीवर लावून देऊ. आवाज तर भाऊंचाच!”

दिनानाथांच्या पत्नी सुमेधाताई लसूण सोलत होत्या. झेडपीच्या शाळेत चौथीला शिकवून गेल्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “त्यात ‘दोन वर्षांत घराघरांत नळाचं पाणी’ असं म्हणालेत. ती लावणार?”

दिनानाथांनी जोरजोरात हातवारे केले, त्यांचा अर्थ कुणालाच लागला नाही. शेवटी सुमेधाताईंनी कपाटावरून शाळेतली एक पाटी काढली, पदराने पुसली आणि खडूसकट नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. “यावर लिहा. मी वाचून दाखवीन. शुद्धलेखन मात्र नीट असू द्या.”

दुसऱ्या दिवसापासून दिनानाथ मुक्याने प्रचाराला निघाले. पहिला दिवस त्यांना जन्मठेपेसारखा गेला. हात जोडायचे, हसायचे, मान डोलवायची. माणूस बोलायला लागला की त्याचं वाक्य आपण पुरं करायचं, ही त्यांची पंधरा वर्षांची सवय. आता समोरचा बोलतच राही आणि ते घशात अडकलेला शब्द गिळत राहत.

चंदनसारला विनिता रेडीज नावाच्या बाई राहत. मूळच्या राजापूरच्या, मुंबईत विमा कंपनीत नोकरीला, आणि आपल्या इमारतीच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. पाण्यासाठी त्या दिनानाथांना कितीदा तरी भेटल्या होत्या आणि प्रत्येक वेळी भाषण ऐकून परत गेल्या होत्या. या खेपेला त्यांनी आमदारांना जिन्याखालच्या खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, “साहेब, आज माझं पूर्ण ऐका.”

दिनानाथांनी पाटीवर लिहिलं, ‘दुसरा इलाज नाही.’

विनिताबाईंना हसू आलं, पण त्या थांबल्या नाहीत. “आम्हाला टँकर हवाय असं तुम्ही सगळीकडे सांगता. कुणाला हवाय टँकर? रात्रभर जागायचं, भांडायचं, वर पाण्याला शेवाळाचा वास. आम्ही मागतोय ती धरणाची पाइपलाइन. ती येईल तेव्हा येईल, आम्ही कळ काढू. पण इथे आहेत त्यांना पाणी नाही आणि मागच्या प्लॉटवर अजून चार इमारतींना परवानगी दिलीत. तुमच्याच नगरपालिकेने! येणाऱ्या लोकांना कुठून देणार पाणी? त्या गावांच्या विहिरी आटल्या की मग?”

एरवी दिनानाथांनी ‘मग’च्या आधीच तिसरा मुद्दा सुरू केला असता. आता पूर्ण ऐकावं लागलं. ऐकल्यावर त्यांना जाणवलं की नंदाखालची माणसं हेच म्हणतात, फक्त उलट्या टोकाने. पंधरा वर्षं ते दोन गावांत दोन वेगळी भांडणं मिटवत होते आणि भांडण मुळात एकच होतं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये सिद्धेश उद्याचा कार्यक्रम सांगत होता. दिनानाथांचं लक्ष नव्हतं.

नंदाखालच्या शाळेच्या मैदानावरच्या सभेला तुडुंब गर्दी झाली. आमदाराची वाचा बसली ही बातमी सगळ्या पट्ट्यात पसरली होती आणि ती मजा बघायला विरोधकही आले होते. पुढच्याच रांगेत बॅप्टिस्ट सर बसले होते. बॅप्टिस्ट म्हणजे दिनानाथांचे आगाशीच्या हायस्कुलातले बाकावरचे सोबती, निवृत्त ड्रिल मास्तर, केळीचे बागाईतदार. प्रत्येक सभेत उभं राहून ते एक प्रश्न विचारत आणि दिनानाथ त्यावर पाऊण तास असं उत्तर देत की प्रश्न काय होता ते लोक विसरून जात.

सुमेधाताईंचं भाषण चौथीच्या वर्गासारखं होतं: छोटी वाक्यं, आणि मागे कुणी बोललं की थांबून त्याच्याकडे बघणं. केलेली कामं त्यांनी सांगितली, आणि नवरा खुर्चीत चुळबुळ करत असताना राहिलेलीही सांगितली. मग बॅप्टिस्ट उठले.

“दिनानाथ, आमच्या विहिरींवरचे टँकर कधी बंद होणार?”

दिनानाथांनी पाटी घेतली. सवयीने त्यांच्या मनात पहिलं वाक्य तयार झालं, मग दुसरं. पण पाटी वीतभर. ‘हा प्रश्न ऐतिहासिक संदर्भात पाहता’ एवढ्यानेच ती भरली असती. खडू हवेत तसाच राहिला. मग त्यांनी दोन शब्द लिहिले आणि पाटी बायकोकडे दिली.

सिद्धेश पुढे वाकून कुजबुजला, “वहिनी, वाचताना जरा वाढवा.”

सुमेधाताईंनी माइकसमोर जाऊन जसंच्या तसं वाचलं. “माहीत नाही.”

क्षणभर कुणाला कळेना की हसावं की काय करावं. मग मागून थेरेसा नावाच्या एका फुलवाल्या म्हातारीचा आवाज आला, “पयल्यांदा खरा बोलला गो!” आणि सगळं मैदान हसलं. दिनानाथही हसले, त्यांना आवाज नव्हता एवढंच.

बॅप्टिस्ट अजून उभेच होते. “बरं. मग जे माहीत आहे ते सांग.”

या वेळी दिनानाथांनी वेळ घेतला. लिहिलं, बाहीने पुसलं, पुन्हा लिहिलं. सुमेधाताईंनी पाटी हातात घेतली, आधी स्वतःशी वाचली, नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं आणि मग मोठ्याने वाचलं, “धरणाचं पाणी येईपर्यंत नव्या इमारतींना परवानगी नाही.”

टाळ्या नंतर पडल्या. आधी सिद्धेशच्या हातातला पाण्याचा ग्लास पडला.

सकाळी ओटीवर ही झुंबड उडाली. आघाडीचे चार नगरसेवक, दोन बिल्डर आणि मंडपवाला. “भाऊ, हे काय लिहून बसलात? म्हणा की, वहिनींनी चुकीचं वाचलं!”

सुमेधाताई आतून म्हणाल्या, “माझं वाचन सव्वीस वर्षांत चुकलेलं नाही.”

पंधरा वर्षांत जोडलेली माणसं उठून जाताना दिनानाथांना दिसत होती, हे खरं, आणि एका वाक्यात त्यांना परत बसवता येईल असा त्यांचा गळा आज जागेवर नव्हता. पण आणखीही एक गोष्ट खरी होती. रात्री त्यांना गाढ झोप लागली होती, निवडणुकीच्या दिवसांत कधी लागत नाही तशी. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘लिहिलं ते लिहिलं,’ आणि पाटी दाराला टेकवून ठेवली, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

दुपारपर्यंत बिल्डरांच्या जीपा गेल्या, लाऊडस्पीकर गेले, मंडपवाल्याने खुर्च्याही उचलून नेल्या. सिद्धेश जाईल असं सगळ्यांना वाटलं. तो वाडीत जाऊन एकटाच फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, “सायकली किती जमतील?”

सायकली जमल्या. बॅप्टिस्टनी दादरला केळी पोचवणारा आपला टेम्पो पाठवला आणि सोबत निरोप दिला, “मत देईनच असं नाही, पण प्रचार तरी बरोबरीचा होऊ दे.” चंदनसारला विनिताबाई आणि त्यांच्या इमारतीतल्या बायका रविवारी जिना जिना चढल्या. नंदाखालच्या थेरेसाबाई मोगऱ्याची टोपली घेऊन विरारच्या बाजारात बसल्या आणि गजरा घेणारीला सांगू लागल्या, “मुका उमेदवार आपला.”

मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत जीव टांगणीला लागला होता. दर निवडणुकीला तिसऱ्याच फेरीत गुलाल उधळणारे कार्यकर्ते नखं खात बसले होते. शेवटच्या फेरीत दिनानाथ निवडून आले. मताधिक्य आजवरचं सगळ्यात कमी होतं, पण चंदनसार आणि नंदाखाल दोन्हीकडे त्यांना एकाच वेळी आघाडी मिळाली होती, आणि हे पहिल्यांदाच घडत होतं.

त्याच सकाळी डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली होती. लोकांनी खांद्यावर घेतलं. “भाषण! भाषण!” दिनानाथांनी माइक हातात घेतला. घसा खरखरला, पण आवाज होता. “मंडळी,” ते म्हणाले, “मी बोलत नव्हतो तेव्हा तुम्ही मला निवडून दिलंत. आता उगाच बोलून तुम्हाला पस्तावायला नको.” आणि माइक परत दिला. गुलालाने लाल झालेल्या सिद्धेशने त्यांना मिठीच मारली.

पाटीवरचं वाक्य पाळणं लिहिण्याइतकं सोपं नव्हतं. आघाडीचे तीन नगरसेवक फुटले. एका इमारतीची परवानगी कोर्टातून आली, दुसरी कुठून आली ते कुणालाच कळलं नाही. दिनानाथ नगरपालिकेत जाऊन भांडले, मंत्रालयात पाइपलाइनच्या मागे लागले. तिथे मात्र त्यांनी गळा पूर्ण सोडला. शब्द पुरता पाळला असं ते स्वतःही म्हणत नसत. “बारा आणे,” म्हणत. पण टँकर निम्म्यावर आले आणि वटारच्या पानवेलींना पुन्हा पालवी फुटली.

आणि दोन हजार सातच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी चंदनसारला आलं.

भर दुपारी विनिताबाईंचा फोन आला, “साहेब, आलं!” दिनानाथ आणि सुमेधाताई निघाले. वाटेत नंदाखालला बॅप्टिस्ट गाडीत चढले, केळ्यांचा एक घड घेऊन. इमारतीच्या अंगणात नुसता धुमाकूळ चालला होता. पोरं रबरी नळीखाली नाचत होती, म्हातारे तोंडावर हबके मारत होते, कुणीतरी आनंदाच्या भरात आधीच धुतलेलं अंगण पुन्हा धूत होतं. आमदार आत शिरले आणि डोक्यावरून एक बादली आली. कुणी ओतली ते शेवटपर्यंत कळलं नाही. बॅप्टिस्टचा चेहरा मात्र फारच सोज्वळ झाला होता.

विनिताबाईंनी नळाखाली स्टीलचा पेला भरला आणि पुढे केला. “पहिला घोट तुमचा.”

ओलेचिंब दिनानाथ सगळा पेला प्यायले. मिशा पुसल्या. “अमृत आहे!”

सुमेधाताईंनी दुसरा पेला भरून घेतला, चव बघितली. “पावडरचा वास येतोय,” त्या म्हणाल्या. “पण पाणी आहे.”

अंगण हसत होतं. दिनानाथांनी आणखी एक पेला मागितला, आणि बॅप्टिस्ट भिंतीला टेकून सगळ्यांना केळी वाटायला लागले.