बाकावरची हेविनची जागा

इथेल प्रोसर पाटीच्या दगडाची खाण सोडून गेला तो थेट कार्डिफच्या रंगभूमीवर. तिथं त्यानं नाटकं लिहिली आणि प्रत्येक नाटकातलं सगळ्यात मोठं काम न चुकता स्वतःसाठी ठेवलं. वीस वर्षांनी गावी परतला तोही नवं नाटक घेऊनच. खाणीतलं जेवणाचं खोपटं, दरड कोसळून मेलेला त्याचा जुना सोबती हेविन, आणि हेविनच्या कामात अर्थातच इथेल.

बाकीचे नट खाणकामगारच. चॅपलमागच्या खोलीत पहिल्या तालमीला ते बाकावर बसले, ते मधे एका माणसापुरती फट ठेवून.

"सरका की जरा," इथेल म्हणाला.

"ती हेविनची," म्हातारा कादवान म्हणाला.

"अहो, मीच हेविन आहे."

"कार्डिफात असशील. मेलेल्याची जागा घरच्यांनी दिल्याशिवाय भरत नाही, हे विसरलास? माइनिरनं अजून दिलेली नाही. नाहीतर नाटकात मर उभ्या उभ्या."

नाटक शनिवारी होतं आणि शेवटचा प्रवेश त्या बाकावरच. इथेल हेविनच्या बायकोकडे गेला.

माइनिर तव्यावर मनुकांच्या छोट्या गोड पोळ्या भाजत होती. तिनं ऐकून घेतलं. "आधी त्याच्यासारखं बोलून दाखव."

त्यानं हेविनचा आवाज काढला. तिचा हात तव्यावर तसाच थांबला. मग ती इथेलकडे न बघता, त्या आवाजालाच म्हणाली, "दरड कोसळली त्या सकाळी डबा उचललास आणि न बोलता गेलास. राग होता का?"

राग होता, हे इथेलला ठाऊक होतं. त्या दुपारी हेविन त्याच्याच शेजारी जेवला होता. पण बाईला खरं सांगून जागा मिळते थोडीच. त्यानं एक मऊसूत 'नाही' तयार ठेवलं. असल्या वाक्यांवरच त्याचं नाव झालं होतं. त्यानं तोंड उघडलं.

"होता," आवाज म्हणाला. "संध्याकाळपर्यंत पुरेल एवढाच."

हे वाक्य इथेलनं लिहिलं नव्हतं. पुढचं सुचेना, आणि सुचू नये असंही वाटलं.

तव्यावरची पोळी करपली. माइनिरनं ती काढून बाजूला ठेवली.

"नाही म्हणाला असतास, तर हा तूच, तो नव्हे, हे कळलं असतं," ती म्हणाली. "बस शनिवारी. जागा दिली म्हणून सांग कादवानला."

तो आभार मानायला गेला. तिनं पीठ लागलेला हात वर केला.

"नको. आणि रविवारी चॅपलातही माझ्याशी बोलू नकोस. चारचौघांत मी त्यालाच उत्तर देऊन बसेन."