कुलगुरू तेवढे स्पष्ट आले

मी एक जुना कॅमेरा आहे. ओहायोमधल्या एका विद्यापीठाच्या वाचनालयात, काचेच्या कपाटात सध्या माझा मुक्काम आहे. येणारे-जाणारे थांबतात, वाकून पाहतात, कुणी माझाच फोटो काढून घेतो. मित्रांनो, एवढं कौतुक वाट्याला आलं की कुणालाही बरं वाटेल. मला मात्र काचेच्या कपाटात तोंड लपवायला जागा सापडत नाही. असं का, ते सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या कपाळावर उजेड मोजणारा एक काटा बसवलेला आहे. समोर उजेड जास्त असला की काटा वर चढायचा, कमी असला की खाली यायचा, आणि त्यावरून भिंग किती उघडायचं ते फोटो काढणाऱ्याला कळायचं. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी आमची परीक्षा होई. समोर एक गोरीपान मुलगी पांढऱ्या कॉलरचा पोशाख घालून बसायची. तिचा चेहरा नीट उमटला की आम्ही पास. दर वेळी तीच, नाहीतर तिच्यासारखीच दुसरी. माणसाचा चेहरा म्हणजे एवढाच, असं मी त्या वयात धरून चाललो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब मी पुष्कळ वर्षं शोधली, ती पुरली नाही.

विद्यापीठाने मला विकत घेतलं आणि हॅल्वर्सन नावाच्या छायाचित्रकाराच्या हाती दिलं. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. कोटाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या, आणि त्यांचा वास माझ्या पट्ट्यालाही. आम्ही दोघांनी फुटबॉलचे सामने टिपले, पदवीदान समारंभ टिपले, बर्फात उभे असलेले पाहुणे टिपले. "हा काटा कधी चुकत नाही," असं हॅल्वर्सन सगळ्यांना सांगायचे. मी फुलून जायचो.

मग एकोणीसशे एकोणसत्तरचा फेब्रुवारी आला. त्या काळी आमच्या विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आपल्या लोकांचा इतिहास, आपली चित्रं, आपली गाणी इथे एकदा तरी सगळ्यांसमोर मांडायची, असं त्यांनी ठरवलं. सभागृह मिळावं म्हणून ती मुलं कुलगुरूंच्या दारात सतरंजी टाकून बसली, तेव्हा कुठे एक आठवडा मिळाला. त्यांची म्होरकी होती ओडेसा प्रुइट. अलाबामाच्या एका खेड्यातून आलेली, बोलायला फटकळ, शिक्षिका व्हायचं म्हणणारी. तिचा मित्र ल्यूशस चित्रं काढायचा आणि सगळ्यांची थट्टा करायचा. सभागृहाच्या भिंतींवर ल्यूशसची चित्रं लागली, घरोघरच्या गोधड्या टांगल्या गेल्या. शेवटच्या दिवशी ओडेसाने लिहिलेलं नाटक झालं. दुसऱ्यांचे कपडे धुऊन मुलांना शाळेत घालणाऱ्या बायांचं ते नाटक होतं.

त्या बायांपैकी एक पहिल्या रांगेत बसली होती. ओडेसाची आजी. सगळे तिला बिग ममा म्हणत. दोन दिवस बसमध्ये बसून, बुटांच्या खोक्यात तळलेलं चिकन बांधून घेऊन ती नातीचं नाटक बघायला आली होती. नाटक संपलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती नुसती उभी राहिली. मग सगळं सभागृह उभं राहिलं.

हॅल्वर्सन म्हणाले, "आजीबाई, नातीशेजारी उभ्या राहता का? एक फोटो घेऊ."

"माझा?" बिग ममा हसली. "बाळा, सत्तरी गाठली मी. आजवर कुणी थांबवून 'इकडे बघा' म्हणालेलं नाही."

"मग आज म्हणतो. इकडे बघा."

"अगं ओडेसा, टोपी सरळ आहे का बघ माझी."

"सरळ आहे, बिग ममा. तू हलू नकोस."

तिने हनुवटी वर केली. माझ्या भिंगातून मी तिला पाहिलं. काटा अगदी खाली उतरला. आता भिंग पुरतं उघडायचं, थोडं जवळ जायचं, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात कुलगुरू लगबगीने आले. त्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. ते बरोबर मधोमध उभे राहिले. गोरा चेहरा, पांढरा शर्ट, मागे पांढरा पडदा, वर दिवे. इतर मुलंही भोवती गोळा झाली. हॅल्वर्सन दोन पावलं मागे सरकले आणि माझा काटा टुणकन वर उडाला. एवढा उजेड पुरे, भिंग मिटा, असं मी सांगितलं. बिग ममाने श्वास रोखून धरला होता. मी टिचकी वाजवली.

फोटो विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापून आला. कुलगुरू इतके स्पष्ट आले होते की भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा. त्यांच्या भोवती मात्र सगळे काळे डाग होते. डागांमध्ये दात होते, पोशाख होते, एका डागावर टोपी होती. डोळे, नाक, कपाळ, गाल काहीच नाही.

ल्यूशस ते पान घेऊन ओडेसाबरोबर आमच्या खोलीत आला. मी टेबलावर होतो.

"यात मी कोणता ते सांगा, सर," तो म्हणाला. "मी बुटांवरून अंदाज केलाय. पण हे बूट मी वॉल्टरला उसने दिले होते, म्हणजे तो वॉल्टरही असू शकतो."

ओडेसा हसली नाही. तिने टोपीवर बोट ठेवलं. "सर, माझी आजी कुठे आहे यात?"

"उजेड कमी पडला," हॅल्वर्सन म्हणाले.

"कुलगुरूंना पुरला की."

हॅल्वर्सनचे कान लाल झाले. "काटा जे सांगतो ते मी करतो. हवं तर मी दुसरा कागद छापून बघतो."

त्यांनी डार्करूममध्ये जाऊन खरंच पुष्कळ कागद छापले. काही उपयोग झाला नाही. मित्रांनो, कागदावर नीट उमटलं नाही तर पुन्हा छापता येतं. फिल्मवर जे उतरलंच नाही ते कुठून आणणार? बिग ममा माझ्यासमोर श्वास रोखून उभी होती आणि मी तिला आत घेतलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ओडेसाने आमच्याच खोलीतून गावी फोन लावला. तिच्या बोलण्यावरून पलीकडचं सगळं कळत होतं.

"नाही बिग ममा, अजून माझ्या हातात नाही आला... हो, चांगला आलाय म्हणतात... टोपीपण दिसते, हो. पाठवते ना. चर्चमध्ये सगळ्यांना दाखव." तिने फोन ठेवला. मग हॅल्वर्सनना म्हणाली, "मला शिकवा."

"काय शिकवू?"

"हे यंत्र. सुट्टीत मी याला घरी नेणार आणि तिचा फोटो मीच काढणार. तोवर तिला काय सांगायचं ते माझं मी बघते."

हॅल्वर्सननी नाही म्हटलं नाही. वसंतात रोज दुपारी ती यायची. तिने माझ्याशी भांडून भांडून माझी खोड शोधून काढली. समोर जे सगळ्यांत उजळ असेल त्याच्याकडे माझा काटा धावत होता आणि बाकीच्यांना विसरत होता. म्हणून ती मला चेहऱ्याच्या अगदी जवळ न्यायची, गालाचा उजेड मोजायची, आणि मग मागे येऊन काटा काय म्हणतो ते न ऐकता फोटो घ्यायची. खिडकीशी पांढरा पुठ्ठा धरून गालावर उजेड पाडायची. पहिल्यांदा ल्यूशसचा चेहरा कागदावर उमटला तेव्हा तो वाकून पाहत राहिला.

"माझ्या नाकावर हा तीळ कधीपासून आहे?"

"जन्मापासून असेल," ओडेसा म्हणाली.

"मग कोणी सांगितलं का नाही?"

"आम्ही सांगत होतो रे. तू बोलायचं थांबलास तर ना."

हॅल्वर्सन त्या दिवशी हसले. मीही हसलो असतो. पण मला टोपी आठवली. हे सगळं तर फेब्रुवारीतही करता आलं असतं.

मे महिन्यात परीक्षा संपत आल्या. ओडेसाने मला घरी न्यायची परवानगी घेतली होती, रोल आणून ठेवले होते. त्या आठवड्यात गावाहून फोन आला. ओडेसाने ऐकून घेतलं, "कधी?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. बिग ममा अंगणात कपडे वाळत घालताना खाली बसली होती आणि परत उठली नव्हती.

"दर रविवारी विचारायची ती," ओडेसा म्हणाली. "दर रविवारी मी थाप मारली. चर्चमधल्या बायांना सांगून ठेवलं होतं तिने, फोटो येतोय म्हणून."

हॅल्वर्सन खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. "ओडेसा, मला त्या दिवशी शंका आली होती. काटा आधी खाली गेला होता. मी पाहिलं होतं."

"मग?"

"कुलगुरूंना घाई होती. अजून एक फोटो घेऊ, थांबा, असं मला म्हणता आलं नाही."

ओडेसाने मला पिशवीत घातलं आणि ती निघाली. हॅल्वर्सन दारात उभे राहून बघत होते. ते माफी मागत होते की नव्हते, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

गावातल्या चर्चमध्ये तिने मला मांडीवर ठेवलं, पण पिशवीतून बाहेर काढलं नाही. शवपेटीतल्या आजीचा फोटो घे, असं कुणी सुचवलं तेव्हा तिने मान हलवून नकार दिला. सगळे बाहेर पडले, पायऱ्यांवर बाया टोपल्यांतलं जेवण मांडू लागल्या, तेव्हा मात्र तिने माझं टोपण काढलं.

"मावशी, इकडे बघा जरा."

"माझा कशाला काढतेस, पोरी? तोंडाची सगळी चाळण झालीये."

"तीच हवीय. हनुवटी वर."

एकेक करून तिने त्या साऱ्या बायांना उजेडात बसवलं. कुणाला घाई नव्हती, आणि असती तरी तिने थांबवलं असतं. त्या दिवशी प्रत्येक सुरकुती, प्रत्येक भुवई मी आत घेतली. तेच फोटो पुढे मोठमोठ्या शहरांत टांगले गेले आणि लोक ओडेसा प्रुइटला कलावंत म्हणू लागले. शिक्षिका ती झालीच, पण फोटो काढायला शिकवणारी, आणि आमच्याच विद्यापीठात. कृष्णवर्णीय मुलं वाढली, नाटकं वाढली, फेब्रुवारीतला सप्ताह महिनाभर चालू लागला. नाचणारे, चित्रं काढणारे, कविता म्हणणारे कितीतरी जण माझ्यासमोर उभे राहिले आणि कुणीही डाग झालं नाही. तरी टाळ्या पडल्या की मला वाटायचं, या मला नकोत.

हॅल्वर्सन निवृत्त झाले. नवे कॅमेरे आले, फिल्म बंद झाली. मला कपाटात ठेवलं. तिथे भिंगामागे उघडमीट करणारा माझा पडदा गंजून चिकटला आणि आता तो उघडत नाही.

यंदा वाचनालयात पहिल्या सप्ताहाच्या आठवणींचं प्रदर्शन भरलं. ते भरवणारी मुलगी केझाया नाटक शिकते. तिने मला शोधून पुसलं, काचेत ठेवलं आणि खाली पाटी लावली: 'याच कॅमेऱ्याने आपला पहिला सोहळा जपून ठेवला.' तो फोटोही भिंतभर मोठा करून लावायचा होता.

केस पांढरे झालेल्या ओडेसाबाई प्रदर्शन उघडायच्या आधी आल्या. केझाया उत्साहाने सांगत होती, "मॅडम, कॉम्प्युटरवर उजळून पाहिलं. नुसता करडा धूर येतो. पण आता असं तंत्र आहे की ते अंदाजाने चेहरा भरून देतं. तुमच्या आजींचा करून बघू?"

ओडेसाबाई फोटोसमोर उभ्या होत्या. "चांगला होईल का गं?"

"अगदी खरा वाटेल."

"हो. कुणाची तरी छान आजी होईल ती. माझी नव्हे." मग फोटोतल्या टोपीवर बोट ठेवून म्हणाल्या, "मी तिला एकदा खोटं सांगितलंय, चांगला आलाय म्हणून. आता पुन्हा नको. आहे तसाच लाव."

मग त्या माझ्याकडे वळल्या. वाकून पाटी वाचली. मला वाटलं, आता काच फोडून मला फेकून देतील तर बरं. त्यांनी केझायाकडून पेन मागून घेतलं आणि पाटीवर खाली एक ओळ लिहिली: 'आणि याने आमचे चेहरे पाहिले नाहीत.'

केझाया घाबरली. "मॅडम, सोहळा आहे ना हा?"

"सोहळाच आहे. खरं बोलायला आपल्याला एवढी वर्षं लागली, त्याचाही सोहळा."

मित्रांनो, त्या ओळीने मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्याच स्तुतीने वाटलं नव्हतं. माझ्यावरचा आरोप अखेर कुणीतरी माझ्यासमोर ठेवला होता. आता लोक पाटी वाचतात, फोटोकडे जातात, त्या डागांपाशी थांबतात आणि शेजारी लिहिलेली नावं मोठ्याने वाचतात. बिग ममाचं खरं नाव ओलेथा प्रुइट होतं, हे मलाही तेव्हाच कळलं.

तुमच्या हातात आता माझ्याहून हुशार यंत्रं आहेत. त्यांना जपा, पुसा, पडू देऊ नका. पण त्यांना कुणी काय दाखवून शिकवलं आहे, हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून समोरच्या माणसाकडे आधी स्वतः पाहा. तो दिसेपर्यंत जवळ जा. मधे कुणी मोठा माणूस घाईने येऊन उभा राहिला, तर त्याला जरा थांबा म्हणा.