कोरड्या काचेचं पाणी

दारापासून जिन्यापर्यंत चपलांचा ढीग पडला होता, तरी माणसं येतच होती. बाहेरच्या खोलीत फिश टँक होता. आत सात मासे, बाहेर चाळीस माणसं. आणि मोकळं फिरायला जागा फक्त माशांनाच उरली होती.

घरची सून स्वयंपाकघराच्या दारात अडकून उभी होती. बाथरूमला जायचं तर चाळीस जणांचे गुडघे ओलांडायचे. ती घरी बसून शिवणकाम करायची. गेले अकरा दिवस शिवणाच्या मशीनवर चादर होती आणि चादरीवर रोज येऊन बसणाऱ्या झरेबाबांची झोळी. स्वतःच्या घरात तिला चिंधीएवढी जागा राहिली नव्हती.

"मेन स्विच!" बाबा गरजले. "विजेच्या घरघरीत वरचा बोलत नाही. यंत्र झोपलं की तंत्र जागं होतं, तंत्र जागं झालं की मंत्र..." पुढचं काही सुचेना, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

नवऱ्याने मुकाट्याने उठून मेन स्विच बंद केला. पंखा थांबला, टाकीतले बुडबुडे थांबले. थोड्याच वेळात टाकीखालच्या कपाटाच्या तळातून पाण्याची बारीक धार फरशीवर आली. बाबांनी काचेवरून चारी बाजूंनी पांढरा रुमाल फिरवला आणि सगळ्यांना दाखवला. कोरडा ठणठणीत! काचेला तडा नाही, ओल नाही, मग पाणी आलं कुठून? खोलीभर हात जोडले गेले. पहिली वाटी नेहमीप्रमाणे सासूबाईंच्या ओठाला लागली.

सुनेचा जीव अडकला होता तो त्या वाटीत. सासूबाईंना रक्तदाबाचा जुना त्रास. "गोळी आणि कृपाजल एका पोटात नांदत नाहीत," असं बाबांनी सांगितलं आणि सासूबाईंनी गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवसापासून त्यांचं डोकं ठणकत होतं. आज सकाळी तर भिंत धरून चालत होत्या.

"अहो, आईंना डॉक्टरकडे नेऊ या," ती नवऱ्याच्या मागे लागली होती.

"तीच म्हणते, बरं वाटतंय. मी काय करू? आणि आता एवढ्या लोकांना घालवायचं तरी कसं?"

बोलावं तर आई दुखावेल या भीतीने मुलगा गप्प, बोलावं तर घर मोडेल या भीतीने सून गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

तेवढ्यात शेजारच्या काकू किंचाळल्या. "अगंबाई! आज पाणी गुलाबी आलंय!"

खरंच, धारेला गुलाबी झाक होती. बाबा क्षणभर चपापले, पण लगेच सावरले. "प्रसन्न झाला! पाण्याला तेज चढलं!"

सून मात्र त्या रंगाकडे बघतच राहिली. हा गुलाबी तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तिच्याकडचं लाल अस्तराचं एक कापड पाण्यात रंग सोडायचं. त्यापायी एका गिऱ्हाइकाचा पांढराशुभ्र झगा बाद झाला होता आणि तिने रागाने त्या अस्तराच्या चिंध्या केल्या होत्या. कालच त्यातली एक चिंधी तिने... तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

टाकीत हवा सोडणाऱ्या पंपाची घरघर सासूबाईंना सहन होत नसे. म्हणून महिन्यापूर्वी तिनेच तो पंप वरच्या फळीवरून काढून कपाटाच्या तळाशी, चिंध्यांनी भरलेल्या खोक्यात ठेवला होता. काल पुन्हा आवाजाची तक्रार आली, तेव्हा ती लाल चिंधी वरून कोंबली. आणि अकरा दिवसांपूर्वी, वीज गेलेली असताना पहिल्यांदा पाणी दिसलं, तेव्हा काकूंनी आणलेल्या या बाबांनी आधी कपाटामागे डोकावून पाहिलं होतं. मग हसून एवढंच विचारलं होतं, "मेन स्विच कुठे आहे?"

ती चाळीस जणांचे गुडघे ओलांडत पुढे आली.

"बाबा, उद्या मेन स्विच चालू ठेवून पाणी काढाल?"

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, बाई. पाण्याचा कोप होतो."

"होऊ दे. माझ्या घरात झाला तर मीच पुसणार आहे."

तिने वाकून खोकं बाहेर ओढलं. चिंध्या निथळत होत्या आणि वर लाल अस्तर. तिने टाकीतली पंपाची नळी वर उचलली. नळीचं तोंड पाण्याबाहेर येताच खोक्यातली गळती आटली. ते पुन्हा बुडवून तिने नळीचं दुसरं टोक पंपातून काढलं, ओठांनी ओढून पाणी आणलं आणि ते टोक खाली बादलीत सोडलं. पाणी धो धो आलं.

"पंप चालू असतो तेव्हा नळीतून हवा वर जाते. बंद पडला की टाकीतलं पाणी त्याच नळीतून खाली उतरतं, कारण पंप टाकीच्या खाली आहे. तो मी ठेवला खाली, चूक माझी. काच कोरडीच राहणार, पाणी काचेतून येतच नाही! आणि विजेच्या पंपात पाणी गेलंय, शॉक लागून कुणी मेलं असतं तर? अकरा दिवस आपण चाळीस जण हात जोडून बसलो, पण एकानेही वाकून कपाटात बघितलं नाही. नमस्कार करायचाय तर करा, पण आधी वाकून बघा!"

बाबांचं पितळ उघडं पडलं होतं. झोळी उचलून ते जिन्याकडे निघाले, तर चपलांच्या ढिगात त्यांची स्वतःची जोडी सापडेना.

"म्हणजे अकरा दिवस मी चिंध्यांचं पाणी पीत होते?" सासूबाई पुटपुटल्या. रागावतील या भीतीने सून तशीच उभी राहिली. पण त्यांनी हात तिच्याकडे पुढे केला. "डॉक्टरकडे ने गं मला. डोकं फार दुखतंय. लाजेपायी बोलले नाही."

दाब इतका चढला होता, की डॉक्टरांनी दोन दिवस तिथेच ठेवून घेतलं. "अजून चार दिवस उशीर केला असता तर," एवढंच ते म्हणाले, आणि नवऱ्याने मान खाली घातली.

परत आल्यावर सासूबाईंनी नळाच्या पाण्याबरोबर गोळी घेतली. वरच्या फळीवर नवा पंप घरघरत होता, शेजारी शिवणयंत्र चालू होतं.

"आई, आवाजाचा त्रास होतोय का? काहीतरी करू का?"

"काही करू नकोस बाई," त्या म्हणाल्या. "घरघरू दे मेल्याला. आवाज येतोय म्हणजे कळतं तरी, तो काय करतोय ते."