बसक्या घशाचा काला

त्या वर्षी पनवेलला सर्दीतापाची अशी साथ होती की देवळात घंटेपेक्षा खोकलाच जास्त ऐकू यायचा. सप्ताहासाठी अरुंधतीबाई आमच्या घरी उतरल्या होत्या. आमच्या देवळात कीर्तनाच्या गादीवर उभ्या राहिलेल्या त्या पहिल्याच बाई. माझं म्हणाल तर कीर्तन ऐकताना मला भूक लागत नाही, इतकं ते वेड. आणि नेमका त्यांनाच ताप चिकटला.

आमच्याकडे गादीवरच्या माणसाच्या हातावर कुणी काही ठेवलं तर तो प्रसाद, नाही म्हणायचं नाही. मग काय! सुंठीच्या गोळ्या, ज्येष्ठमध, अडुळशाचा काढा, जो तो पुढे. उरणहून आलेली ठमाबाई तर तांब्याच धरून उभी.

"पी बाय. आमचे घरान यानंच समदी बरी झाली. तुला उतार नाय पडला तं माझं नाव ठमी नाय!"

बाईंनी सगळं मुकाट्यानं घेतलं. कुणीतरी दवाखान्यातलं लाल औषधही पाजलं. झालं! उत्तररंगात बाई उभ्या उभ्या पेंगल्या, आणि सकाळी उठल्या तर घसा पार बसलेला.

तो दिवस काल्याचा, सप्ताहाचा शेवटचा. चहाच्या वेळेलाच देवळाचे पंच रमेशभाऊ दारात.

"शोभावहिनी, बाईंना पडू द्या. मी बूथवरून आपटा गावच्या बुवांना फोन केलाय. एसटीनं येतायत. काला ते करतील."

जो काल्याचं कीर्तन करतो, त्याच्याच हातात पुढच्या वर्षीच्या बोलावण्याचा नारळ जातो. ते भाऊंनाही ठाऊक आणि मलाही.

"म्हणजे बाईंची गादी गेली म्हणा की."

"तसं नव्हे हो. बायकांच्या प्रकृतीला झेपत नाही, त्याला कोण काय करणार?"

माझं डोकंच फिरलं. "भाऊ, गेल्या वर्षीचे बुवा मफलर गुंडाळून अर्धं कीर्तन खोकले. तेव्हा तुम्हीच सांगत फिरलात ना, बुवांची जिद्द पाहा म्हणून? तोच ताप बाईला आला की ती प्रकृती?"

तोवर नऊवारीचा काष्टा खोचत बाई बाहेर आल्या. आवाज कसला, नुसती फुसफुस.

"रमेशभाऊ, बुवांना पुढे बसायला पाट द्या. ऐकतील निवांत."

मंडपात शिरलो तर पुन्हा तांबे, वाट्या, पुड्या घेऊन माणसं वाटेतच उभी. बाई गादीच्या अलीकडे थांबल्या. "प्रसाद गादीवर. मी अजून खाली आहे. तेव्हा हे सगळं घरी न्या, तुमची पोरं खोकतायत त्यांना पाजा. आणि वर चढल्यावर कुणी पुढे आलं, तर चिपळ्या हाणीन!"

ठमाबाई पदरात तोंड घालून हसली. "बाय भारीच हाय!"

पहिल्याच सुराला आवाज फाटला. पेटीवाल्यानं पट्टी उतरवली, तरी वरच्या जागेला नुसती हवा आली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. पाटावरच्या बुवांना खुणावत रमेशभाऊ उठले. बाईंनी हात वर करून पेटी थांबवली.

"हसा, हसा. कान्होबाच्या सवंगड्यांतही एक बोबडा होता. त्याला कान्होबा कधी म्हणाला का, बाबा, तू आज घरी बस, आपट्याहून दुसरा मागवलाय?"

मंडप असा हसला की रमेशभाऊ उभे होते तिथेच खाली बसले.

मग सगळा काला बाईंनी त्या बोबड्याच्याच तोंडून सांगितला. बसका घसा, अडखळते शब्द, सगळं त्यालाच शोभत होतं. जिथे गाणं जमेना तिथे त्या नाचल्या. कपाळावर घाम, डोळे तापानं लाल, पण चिपळ्या काही थांबल्या नाहीत. मी कित्येक कीर्तनं ऐकली आहेत, गोड गळ्याची. यमुनेकाठची शिदोरी अशी दिसली नव्हती कधी.

हंडी फुटली, आरती झाली. रमेशभाऊ नारळ घेऊन उठले ते बुवांकडेच बघत. बुवांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझ्याकडे काय बघता? मी आज श्रोता."

नारळ बाईंच्या ओंजळीत आला. आता त्यांना शब्दही फुटेना. त्यांनी मला ओढून माझ्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मी ते भर मंडपात, गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच, सांगून टाकलं.

"बाई म्हणतात, पुढच्या वर्षी ताप आला तरी येईन!"