भोंग्याने गिळलेले नाव

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काय, तुमच्या शेळ्यांचासुद्धा विश्वास बसणार नाही. तरी सांगतो. मी एक जुना भोंगा आहे, सांता रुफिना गावच्या पंचायतीच्या छपरावर खांबाला बांधलेला. आणि मी एकदा एक गुपित पोटात ठेवले होते. हसू नका. खाली बाकावर एर्मेलिंदा मावशी बसली आहे, ती साक्षीला आहे. पण तिला डुलकी लागली आहे, झोपू द्या बिचारीला.

माझा जन्म ओआहाका शहरातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. खेचराच्या पाठीवर बसून मी हा डोंगर चढलो. पहिल्याच दिवशी असा काही खणखणलो, की टेकड्यांपलीकडच्या कोंबड्यांनी दचकून वेळेआधीच अंडी घातली. लग्नातून पळालेला एक नवरदेव माझा आवाज ऐकून बसमधून उतरला आणि मुकाट्याने नवरीशेजारी जाऊन उभा राहिला. लोक म्हणत, "भोंगा असावा तर असा!"

कुणाकडे मक्याच्या पिठाचे गरम तमाले उकडून तयार झाले, कुणाचे गाढव सुटले, कुणाच्या मुलीला मागणी आली, सारे माझ्याच तोंडून बाहेर पडायचे. माझ्या तोंडात तीळ भिजत नसे आणि तीच माझी कीर्ती होती. गावच्या सभेने काही ठरवले, की फिदेन्सियोकाका आत माइकपुढे बसून पुटपुटायचे आणि मी ते दरीभर करायचो. काकांचा नियम एकच: "सभेचं म्हणणं भोंग्यातून गेलं नाही, तर ते ठरलंच नाही."

याच नियमाने घात केला.

आमच्या गावच्या बायका मातीच्या सुरया घडवतात. बेडकाच्या तोंडाची सुरई तर अशी, की पाणी ओतताना ती डरांव डरांव गाते. पण विकणारा मात्र खालच्या बाजारपेठेतला अबुंदियोशेठ. मावशीची भाची चायो शहरात शिकून आली आणि म्हणाली, "मावशी, आपण आपली वेबसाइट काढू. गिऱ्हाईक थेट तुझ्याकडे येईल." आता वेबसाइटला नाव लागते, मित्रांनो, आणि एक नाव जगात एकालाच मिळते. जो आधी नोंदवील, त्याचे.

सभेने 'रुफिनाची माती' हे नाव ठरवले. मी ते मोठ्या थाटात गाजवले. मग नोंदणीला जायचे कधी, यावर खल सुरू झाला. मका घरात येऊ दे, म्हणाले. मका आला, तर सण होऊ दे, म्हणाले. तोवर अबुंदियोशेठने ते नाव आपल्या नावावर करून टाकलेसुद्धा! त्या नावाखाली त्याने कुठल्याशा कारखान्यातली साच्याची भांडी मांडली. लोक घेत, पाणी भरत आणि मग फडक्याने फरशी पुसत. बघता बघता मुलखात बोभाटा झाला, सांता रुफिनाची भांडी गळतात. एकदा बाजारात एका बाईने मावशीची सुरई हौसेने उचलली आणि गावाचे नाव ऐकून खाली ठेवली. मावशी त्या दिवशी जेवली नाही. तिच्या आजीने केलेली सुरई अजून पाणी धरून आहे हो!

पुन्हा सभा भरली. चायोने आधीच बजावले, "या वेळी नाव ठरल्याबरोबर नोंदवायचं. त्याआधी खाली बाजारात कुणाच्या फोनवर सहज म्हणून शोधायचंही नाही, कुणाला विचारायचंही नाही; नाव फुटतं."

"म्हणजे ओलं मडकं," मावशी म्हणाली. "भाजून निघेपर्यंत कुणाचा हात लागू द्यायचा नाही. असं सरळ सांग की!"

'गाणारा बेडूक' हे नाव ठरले. गावात तेव्हा इंटरनेट नव्हते, म्हणून चायो नोंदणीसाठी लगेच ट्रकने खाली निघाली. ट्रक वळणे घेत घेत जाणार. माझा आवाज मात्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शेठच्या खिडकीत! आणि ती खिडकी तो माझ्याकडे तोंड करून उघडीच ठेवायचा.

"फिदेन्सियो, आज भोंगा नको," मावशी म्हणाली. "पोरगी परत येऊ दे, मग काय बोंबलायचं ते बोंबल."

"नियम म्हणजे नियम, बाई! आज भोंगा नको म्हणता, उद्या म्हणाल टोपी काढ."

"टोपी राहू दे रे डोक्यावर. तोंड तेवढं मीट."

"तोंड माझं नाही, गावाचं आहे!"

मावशी पाय आपटत निघून गेली. गेली असेल आपली माती मळायला. काकांनी आधी तमाले खाल्ले, मिशा पुसल्या आणि माइकपुढे बसले. "लक्ष द्या, लक्ष द्या! सभेनं ठरवलेलं नाव आहे..."

आणि मित्रांनो, मी मूग गिळले! ते नाव नाकतोड्यासारखे माझ्या घशात उड्या मारत होते, पण मी ते बाहेर पडू दिले नाही. काका ओरडले, त्यांनी माइक बदडला. "अरे बोल मेल्या, आजच वाचा बसली का?" मी ढिम्म. तिकडे अबुंदियोशेठ खिडकीत कानामागे हात धरून उभा राहिला. म्हणतात, त्याचा हात अजून तसाच वाकडा आहे.

शेवटी वळणावर ट्रकचा हॉर्न वाजला. चायो टपावर उभी राहून ओरडत होती, "झालं! आपलं झालं!" मग मात्र मी घसा मोकळा केला. "गाणारा बेडूक!" डोंगरांनी ते पुन्हा म्हटले आणि नदीतल्या खऱ्या बेडकांनी साथ दिली. आज त्या नावावर मावशीच्या सुरया दूरदूर जातात.

तेव्हापासून माझा आवाज खरखरतो. लोक म्हणतात, भोंगा म्हातारा झाला. नाही हो, शूराची जखम आहे ती! पण कदर कुणाला? आता जो तो फोनमध्ये तोंड घालून बसतो आणि माझ्या वाट्याला सुटलेली गाढवे आणि पाकोळ्यांची घाण तेवढी उरली.

तर मित्रांनो, आवडीचे नाव आधी नोंदवा, मग गाजवा. आणि तुमच्यासाठी ज्याने तोंड बंद ठेवले, त्याला वर्षातून एकदा तरी फडक्याने पुसा. कारण मी केवळ मनाच्या बळावर...

"मनाच्या बळावर?" बाकावरून मावशी कडाडली. "थापाड्या! मूग गिळलेस म्हणे! त्या दिवशी शिडी लावून छपरावर कोण चढलं होतं? तुझ्या नरड्यात कोपरापर्यंत माती कोंबली मी! ट्रक आल्यावर उकरून काढली, तळाची राहिली. खरखर म्हणे शूराची जखम! माझ्या हातची माती आहे ती. इतके पावसाळे झाले, गळली का?"